बोट कधी लावायचं, कधी काढायचं: स्थितिक विद्युत घरच्या घरी नीट तपासण्याची रीत

फुगा केसांवर घासला, कागदाचे कपटे उचलले, झालं. बहुतेकांचा स्थितिक विद्युतेचा प्रयोग इथेच संपतो, आणि पुढे गेलाच तर फसतो. विद्युतदर्शीच्या, म्हणजे प्रभार आहे की नाही ते दाखवणाऱ्या उपकरणाच्या, पट्ट्या हलत नाहीत, किंवा हलल्या तर दोन सेकंदांत मिटतात. प्रवर्तनाने, म्हणजे प्रभारित वस्तू न टेकवता नुसती जवळ नेऊन, प्रभार द्यायला जावं तर हाती काहीच लागत नाही. मग दोष हवेला, पावसाला नाहीतर पुस्तकाला दिला जातो.

माझ्या पाहण्यात दोष बहुतेक वेळा दोनच ठिकाणी असतो: वस्तू पुरत्या सुकवलेल्या नसतात, आणि बोट चुकीच्या वेळी लावलेलं किंवा काढलेलं असतं. म्हणून हा लेख क्रमाने वाचा आणि क्रमानेच करा. मधले टप्पे गाळून थेट ठिणगीवर उडी मारलीत तर कुठे बिघडलं ते कळणार नाही.

## सुरुवातीआधी: एवढं डोक्यात पक्कं हवं

घासण्याने प्रभार तयार होत नाही. दोन वस्तू एकमेकींना टेकल्या आणि सुटल्या की एकीकडचे थोडे इलेक्ट्रॉन दुसरीकडे जाऊन बसतात. जिच्याकडे जास्त झाले ती ऋण, जिच्याकडचे कमी झाले ती धन. घासताना जास्त जागा जास्त वेळा टेकते, घासण्याचं काम तेवढंच. त्यामुळे लोकर पीव्हीसीच्या नळीवर घासली की नळी ऋण होते आणि लोकरही तेवढीच धन होते. लोकरीकडे कुणी पाहत नाही, एवढंच.

दुसरी गोष्ट वाहक आणि रोधक यांची. धातूवर दिलेला प्रभार क्षणात सगळीकडे पसरतो. प्लास्टिकवर तो जिथे पडला तिथेच बसून राहतो. पुढच्या निम्म्या चुका हा फरक विसरल्यामुळे होतात.

सावधान: इथे वापरायचं ते सगळं हाताने घासून मिळालेलं आहे. भिंतीतल्या सॉकेटचा या प्रयोगांशी काहीही संबंध नाही. ‘अर्थिंग हवं’ म्हणून सॉकेटच्या छिद्रात तार घालू नका. एवढ्याशा प्रभारासाठी तुमचं शरीरच पुरेसं अर्थिंग आहे. पेट्रोल, थिनर, स्पिरिट यांच्या आसपास ठिणगीचे प्रयोग करू नका. आकाशात गडगडाट असेल तर गच्चीवर काहीही करू नका. कुणाच्या छातीत पेसमेकर असेल तर त्यांना ठिणगीच्या टप्प्यांपासून लांब ठेवा.

## टप्पा १: सामान जमवा आणि सुकवा

लागेल ते असं: वायरिंगची पीव्हीसी नळी हातभर लांबीची, लोकरीचं कापड, पारदर्शक चिकटपट्टी, रुंद तोंडाची काचेची बरणी, थर्माकोलचा जाड तुकडा, तांब्याची तार, स्वयंपाकघरात वापरतात ती अॅल्युमिनियम फॉइल, आणि एक सपाट धातूचं झाकण किंवा ताटली.

१. नळी साबणाच्या पाण्याने धुवा, नुसत्या पाण्याने खळखळून घ्या. हाताचं तेल आणि घाम प्रभाराला वाट करून देतात. धुतल्यानंतर ज्या टोकावर घासायचं आहे तिथे हात लावू नका.

२. नळी, बरणी, थर्माकोल आणि लोकर उन्हात किंवा हेअर ड्रायरच्या गरम हवेत सुकवा. पाच मिनिटं तरी द्या. ड्रायरला आयन (हवेतले प्रभारित कण) सोडण्याची सोय असेल तर ती बंद करा. ते आयन वस्तूवरचा प्रभार पुसून टाकतात आणि आपण उगाच नळीला दोष देत बसतो.

३. लोकर फॅब्रिक सॉफ्टनरमध्ये धुतलेली नको. सॉफ्टनरचं कामच धाग्यांवर प्रभार साचू न देणं हे आहे. मी एकदा अर्धी सकाळ एक सुरेख मऊ मफलर नळीवर घासत बसलो होतो. नळीला एक कपटाही चिकटेना. शेवटी मफलरचा वास घेतला तेव्हा उलगडा झाला.

दमट हवेबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे: हवेतली वाफ वीज वाहून नेते म्हणे. खरी गळती हवेतून फारशी होत नाही, ती वस्तूच्या पृष्ठभागावरून होते. हवेत ओलावा वाढला की काच, पुठ्ठा, सुती कापड यांच्यावर पाण्याचा नजरेला न दिसणारा थर बसतो आणि प्रभार त्यावरून सरकत निघून जातो. म्हणूनच दमट दिवशीही नुकत्या गरम केलेल्या वस्तू थोडा वेळ चांगलं काम देतात. हवेची सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर असेल तर प्रत्येक टप्प्याआधी पुन्हा ड्रायर फिरवा.

तपासा: न घासलेली नळी कपट्यांजवळ न्या. कपटे हलता कामा नयेत. हलले तर पुसतानाच ती प्रभारित झाली आहे. अशा वेळी लोक ती हाताने पुसतात आणि प्रकार आणखी बिघडतो, कारण कोरड्या हाताने पुसणं हेही घासणंच. नळीवर सगळीकडून तोंडाची वाफ सोडा, थोडं थांबा, आणि हात न लावता सुकू द्या.

## टप्पा २: दोन पट्ट्यांनी दोन प्रभार ओळखा

विद्युतदर्शी बनवण्याआधी हा टप्पा करा. याला जवळपास काहीच लागत नाही आणि नजर तयार होते.

१. टेबलावर चिकटपट्टीची एक लांब पट्टी चिकटवा. ही कायमची. हिला ‘पाया’ म्हणू.

२. वीतभर लांबीची दुसरी पट्टी पायावर चिकटवा. तिचं एक टोक दुमडून पकडायला शेपटी करा आणि शेपटीवर पेनाने ‘ख’ लिहा, म्हणजे खालची.

३. तिच्यावर तेवढीच तिसरी पट्टी चिकटवा. शेपटीवर ‘व’ लिहा, वरची. बोटाने दाबून सपाट करा.

४. ‘ख’ची शेपटी धरून दोन्ही पट्ट्या एकत्र, हळूहळू पायावरून सोडवा.

५. ही जोडी प्रभारित झालेली असते. तिच्या न चिकटणाऱ्या पाठीवरून बोट हळुवार फिरवा. मग जोडी लोंबकळत धरून दुसरा हात जवळ न्या. ती हाताकडे ओढली जात नसेल तर ती एकूण उदासीन झाली, म्हणजे तिच्यावर धन आणि ऋण सारखेच उरले.

६. आता दोन्ही शेपट्या धरून पट्ट्या झटक्यात एकमेकींपासून सोडवा.

दोन हातांत दोन पट्ट्या लांब धरा आणि सावकाश जवळ आणा. वीतभर अंतरावरूनच त्या एकमेकींकडे झेपावतात. जोडी उदासीन होती, सोडवल्यावर दोघी प्रभारित झाल्या, म्हणजे एकीवर धन आणि दुसरीवर ऋण असणारच. अशीच आणखी एक जोडी करा आणि ‘व’ला ‘व’जवळ न्या. दोघी एकमेकींपासून दूर वळतात.

नेहमी चुकतं ते पाचव्या पायरीवर. ती गाळली तर दोन्ही पट्ट्यांवर पायाकडून आलेला एकाच जातीचा प्रभार शिल्लक राहतो, सोडवल्यावर त्या कधी ओढतात, कधी ढकलतात, आणि माणूस गोंधळतो.

आता कोणती ऋण? पीव्हीसी नळी लोकरीवर घासा. ती ऋण असते, यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. दोन्ही पट्ट्या टेबलाच्या कडेला लोंबत्या चिकटवा आणि नळी लांबून सावकाश जवळ आणा. जी पट्टी दूर पळेल ती ऋण. कोणती पळेल ते मी सांगत नाही, कारण ते पट्टीच्या गोंदावर आणि पाठीवरच्या थरावर अवलंबून असतं. घासल्यावर कोण धन आणि कोण ऋण होतं याचे तक्ते पुस्तकांत असतात, पण एकाच नावाचं प्लास्टिक वेगळ्या पृष्ठभागामुळे वेगळं वागू शकतं.

इथे थांबा आणि हे पक्कं करा. दोन वस्तू एकमेकींकडे ओढल्या गेल्या यावरून दोन्ही प्रभारित आहेत असं सिद्ध होत नाही. उदासीन कपटे नळीकडे येतात, उदासीन भिंतीला फुगा चिकटतो, नळाची बारीक धार धन वस्तूकडेही वळते आणि ऋण वस्तूकडेही. प्रभारित वस्तू जवळ आली की उदासीन वस्तूमधला विरुद्ध प्रभार जवळच्या बाजूला आणि सारखा लांबच्या बाजूला सरकतो. जवळच्याचा जोर जास्त पडतो, म्हणून ओढ. दोघींवर प्रभार आहे आणि तो एकाच जातीचा आहे याचा पुरावा फक्त प्रतिकर्षण, म्हणजे एकमेकींना दूर ढकलणं. पुढच्या सगळ्या तपासण्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

## टप्पा ३: विद्युतदर्शी बनवा

कल्पना सोपी आहे. तारेच्या खालच्या टोकाला दोन हलक्या पट्ट्या, वरच्या टोकाला गोळा. प्रभार आला की दोन्ही पट्ट्यांवर एकाच जातीचा येतो आणि त्या फाकतात. शाळेत सोन्याचा वर्ख लावलेला असतो, आपण फॉइलवर भागवू.

१. तारेचा सुमारे १५ सेंटिमीटरचा तुकडा घ्या. मोटारीच्या वाइंडिंगची तार असेल तर तिच्यावर वार्निशचा थर असतो आणि रंगावरून तो ओळखू येत नाही. दोन्ही टोकं सँडपेपरने घासून उजळ करा.

२. खालच्या टोकाला इंग्रजी ‘एल’सारखा आडवा आकडा करा.

३. फॉइलच्या ४ सेंटिमीटर लांब आणि अर्धा सेंटिमीटर रुंद अशा दोन पट्ट्या कापा. कापताना त्या मुडपतात, म्हणून काचेवर ठेवून नखाच्या पाठीने सपाट करा.

४. प्रत्येक पट्टीच्या वरच्या टोकाजवळ सुईने भोक पाडा, ते आकड्याच्या जाडीपेक्षा थोडं मोठं करा आणि दोन्ही पट्ट्या आकड्यात सैल अडकवा.

५. तार थर्माकोलमधून आरपार घाला. थर्माकोल बरणीच्या तोंडात घट्ट बसवा. पट्ट्या कुठेही काचेला टेकू देऊ नका.

६. वरच्या टोकावर फॉइल चुरगळून लिंबाएवढा गुळगुळीत गोळा बसवा. टोकेरी तार उघडी ठेवू नका, टोकातून प्रभार हवेत गळतो.

चौथ्या पायरीवर जवळून बघा. पट्टी आकड्यावर सहज झुलते का? फुंकर मारली तर हलून परत सरळ येते का? बरेच जण इथे पट्ट्या चिकटपट्टीने तारेला चिकटवतात. मग पट्टी आणि तार यांच्यामध्ये गोंद येतो, धातूला धातू टेकत नाही, आणि पट्टी वाकायलाही तयार नसते. आकडा गंजलेला किंवा मळका असला तरी हेच होतं.

झाकण कशाचं आहे हे पट्ट्यांइतकंच महत्त्वाचं. मी पहिली बरणी जाड पुठ्ठ्याच्या झाकणाने केली होती. पट्ट्या झकास फाकायच्या आणि तीन मोजेपर्यंत मिटायच्या. फॉइल बदलली, तार बदलली, बरणी दोनदा धुतली. पुठ्ठा कोरडा दिसत होता, म्हणून त्याच्यावर संशयच आला नाही. पण कागद हवेतला ओलावा सतत धरून ठेवतो, आणि तारेवरचा प्रभार पुठ्ठ्यातून बरणीवर, तिथून टेबलावर जात होता. लाकडाचंही तेच. थर्माकोल, मेण किंवा स्वच्छ पॉलिथीन वापरा.

एक मर्यादा आधीच सांगतो. फॉइलच्या पट्ट्या फाकायला काही शे ते हजारभर व्होल्ट लागतात. दीड व्होल्टचा सेल गोळ्याला लावून ‘उपकरण बिघडलं’ म्हणू नका.

## टप्पा ४: स्पर्शाने प्रभार द्या आणि गळती मोजा

१. गोळ्याला बोट लावून सोडा. पट्ट्या सरळ लोंबल्या पाहिजेत.

२. नळी लोकरीने आठदहा वेळा जोरात घासा. एकाच दिशेने ओढलेली बरी.

३. नळी गोळ्याजवळ आणा, टेकवू नका. पट्ट्या फाकतील. नळी लांब न्या, पट्ट्या मिटतील. अजून काहीच दिलं गेलेलं नाही, तारेतले इलेक्ट्रॉन फक्त खाली ढकलले गेले आणि परत आले.

४. आता नळी गोळ्यावर आडवी टेकवून तिच्या लांबीभर ओढत न्या, फिरवत न्या. मग दूर करा. पट्ट्या फाकलेल्या राहिल्या पाहिजेत.

चौथ्या पायरीत नळी नुसती टेकवली तर जवळजवळ काही मिळत नाही. नळी रोधक आहे. जेवढा ठिपका गोळ्याला टेकला तेवढ्यावरचाच प्रभार उतरतो, बाकीचा नळीवर तसाच बसून राहतो.

तपासा: पट्ट्या फाकल्यावर घड्याळ लावा. मिनिटभर तरी त्या फारशा मिटू नयेत. मिटत असतील तर पुढे जाऊ नका. थर्माकोल आणि बरणीचं तोंड पुन्हा गरम करा, गोळ्याखालची टोकं आत दाबा, आणि जवळपास पेटती मेणबत्ती किंवा गॅस असेल तर विझवा. ज्योतीतून निघणारे आयन दूरवर पोचतात.

## टप्पा ५: प्रवर्तनाने प्रभार द्या (इथेच सगळे चुकतात)

नळी गोळ्याला न टेकवता विद्युतदर्शीला धन प्रभार द्यायचा आहे. चार हालचाली आहेत. चार म्हणजे चारच, आणि क्रम हाच.

१. नळी जवळ. घासलेली ऋण नळी गोळ्यापासून दोनतीन सेंटिमीटरवर आणा आणि तिथेच स्थिर धरा. पट्ट्या फाकतात.

२. बोट लावा. नळी तशीच ठेवून दुसऱ्या हाताचं बोट गोळ्याला टेकवा. पट्ट्या मिटतात. नळीने ढकललेल्या इलेक्ट्रॉनना पट्ट्यांपेक्षा लांब पळायला तुमचं शरीर सापडलं.

३. बोट काढा. नळी अजून हललेली नाही. पट्ट्या मिटलेल्याच आहेत. काही घडलं नाही असं वाटतं, आणि म्हणूनच लोक इथे घाई करतात.

४. नळी दूर. आता नळी न्या. पट्ट्या फाकतात आणि फाकलेल्या राहतात.

पळालेले इलेक्ट्रॉन परत यायची वाट बोट काढल्यामुळे बंद झाली. विद्युतदर्शीत इलेक्ट्रॉनची तूट पडली, म्हणजे तो धन झाला. नळीवरचा प्रभार मात्र होता तेवढाच आहे.

तिसरी आणि चौथी पायरी उलटी केली तर काय होईल? नळी दूर गेली, बोट अजून टेकलेलं आहे, पळालेले इलेक्ट्रॉन त्याच बोटातून परत आले. शिल्लक शून्य. ‘मी सगळं पुस्तकाप्रमाणे केलं तरी झालं नाही’ म्हणणाऱ्यांना मी हातांची हालचाल सावकाश करून दाखवायला सांगतो. दोन्ही हात एकदमच मागे येतात. ती सवयच असते. उपाय साधा: बोट काढल्यावर मोठ्याने ‘एक, दोन’ म्हणा आणि मगच नळी हलवा.

आणखी दोन बारीक चुका. बोट टेकलेलं असताना नळी हळूहळू वर जाते, हात अवघडतो म्हणून. कोपर टेबलावर टेकवून बसा. आणि नळी चुकून गोळ्याला लागली तर सगळं पुसून पहिल्यापासून करा, कारण मग हाती आलेला प्रभार कोणत्या जातीचा ते सांगता येत नाही.

रबरी चपला घातल्या असतील तर बोट लावून काय उपयोग, असं विचारतात. चालतं. या बरणीच्या मानाने तुमचं शरीर प्रभार सामावून घ्यायला कितीतरी मोठं आहे. इलेक्ट्रॉन जमिनीपर्यंत पोचलेच पाहिजेत असं नाही, तुमच्यापर्यंत पोचले तरी भागतं.

तपासा: धन झालेल्या विद्युतदर्शीजवळ तीच ऋण नळी लांबून सावकाश आणा. पट्ट्या आधी मिटायला लागल्या पाहिजेत. उलट आणखी फाकल्या तर नळी कुठेतरी टेकली होती.

## टप्पा ६: अनोळखी वस्तूचा प्रभार ओळखा

विद्युतदर्शीला माहीत असलेला प्रभार द्या: टप्पा ४ प्रमाणे ऋण, किंवा टप्पा ५ प्रमाणे धन. मग तपासायची वस्तू लांबून, सावकाश, गोळ्याच्या दिशेने आणा.

पट्ट्या आणखी फाकल्या तर वस्तूवर विद्युतदर्शीवर आहे तोच प्रभार. हे पक्कं.

पट्ट्या मिटायला लागल्या तर दोन शक्यता राहतात. वस्तूवर विरुद्ध प्रभार असेल, किंवा ती साधी उदासीन वस्तू असेल. तुमचा नुसता हात जवळ नेला तरी पट्ट्या थोड्या मिटतात, करून पाहा. म्हणून मिटणं हा निकाल मानू नका. विद्युतदर्शीला उलटा प्रभार देऊन पुन्हा तपासा. एकदा धन देऊन, एकदा ऋण देऊन, दोन्ही वेळा पट्ट्या मिटत असतील तर वस्तू उदासीन.

‘लांबून, सावकाश’ हे उगाच म्हणत नाही. जोरदार विरुद्ध प्रभाराची वस्तू झपकन जवळ नेली तर पट्ट्या मिटून, पार होऊन, पुन्हा उलट्या प्रभाराने फाकतात. मिटण्याचा क्षण नजरेतून सुटला की निकाल नेमका उलटा लागतो.

नळी घासलेली लोकरही आता तपासा. ती हातात धरलेली असते म्हणून तिच्यावरचा प्रभार हातातून निघून जातो आणि बहुतेकांना काही मिळत नाही. लोकरीचा तुकडा नळीच्याच दुसऱ्या तुकड्याच्या टोकाला बांधा, हात न लावता घासा आणि मग गोळ्याजवळ न्या.

## टप्पा ७: ताटलीतून ठिणगी काढा

घासलेल्या प्लास्टिकवरून पुन्हा पुन्हा ठिणगी काढता येते. टप्पा ५ जमला असेल तर नवीन काही शिकायचं नाही.

१. जाड प्लास्टिकचा सपाट पत्रा टेबलाला चिकटपट्टीने घट्ट लावा. लोकरीने अर्धा मिनिट जोरात घासा.

२. धातूच्या ताटलीच्या मधोमध थर्माकोलची मूठ चिकटवा. ताटलीला धारदार कडा किंवा टोकं नकोत.

३. मुठीला धरून ताटली पत्र्यावर ठेवा.

४. ताटलीच्या धातूला बोट लावा. बारीकशी ठिणगी बसू शकते. बोट काढा.

५. फक्त मुठीला धरून ताटली सरळ वर उचला.

६. बोटाचं पेर ताटलीच्या कडेजवळ न्या. टिक्. अंधारात निळसर ठिणगी दिसते.

पुन्हा ठेवा, बोट लावा, बोट काढा, उचला. पत्रा पुन्हा न घासता कितीतरी वेळा जमतं. पत्र्यावरचा प्रभार ताटलीत येतो असं बहुतेकांना वाटतं. पत्रा ताटलीला फक्त काही ठिपक्यांवर टेकतो, त्यामुळे तिथून फारसं काही येत नाही. ताटलीला मिळतो तो विरुद्ध प्रभार, तुमच्या बोटातून. आणि ठिणगीची ऊर्जा? ती तुमच्या हाताने दिली, ओढ झुगारून ताटली वर उचलताना.

ताटली पत्र्यावर असताना तिला तारेने विद्युतदर्शीला जोडून पाहा. बोट काढल्यावर पट्ट्या मिटलेल्या असतात. ताटली जसजशी वर उचलाल तसतशा त्या फाकत जातात. प्रभार तेवढाच, व्होल्ट वाढत चालले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढच्या टप्प्यात लगेच लागणार आहे.

ठिणगीची लांबी डोळ्यांनी अंदाजा. कोरड्या हवेत ढोबळमानाने एका मिलिमीटरला ३००० व्होल्ट धरा. तीन मिलिमीटरची ठिणगी म्हणजे नऊदहा हजार व्होल्ट.

सावधान: ठिणगी मोठी करण्यासाठी बरणीला आतून बाहेरून फॉइल लावून प्रभार साठवायचा मोह होतो. करू नका. साठा वाढला की झटका वेदनेपुरता राहत नाही.

## टप्पा ८: आता स्वतःचं शरीर तपासा

रबरी चपला घालून, सिंथेटिक कपड्यांत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसा. थोडी हालचाल करा. बसल्या बसल्या विद्युतदर्शीच्या गोळ्याला बोट लावा: पट्ट्या जेमतेम हलतात. बोट काढा, उठून उभे राहा, खुर्चीपासून दूर व्हा आणि पुन्हा बोट लावा. पट्ट्या ताडकन फाकतात.

ताटली उचलताना झालं तेच. बसलेले असताना तुमचा प्रभार आणि खुर्चीवरचा विरुद्ध प्रभार अगदी जवळ असतात. उठलात की ते वेगळे होतात आणि शरीराचा व्होल्टेज चढतो. माणसाच्या शरीराची धारिता, म्हणजे प्रभार सामावून घेण्याची क्षमता, साधारण १०० पिकोफॅरड धरली जाते. शरीर १०,००० व्होल्टला पोचलं तर त्यावर १ मायक्रोकूलॉम प्रभार असतो, म्हणजे सुमारे ६ लाख कोटी इलेक्ट्रॉनची कमीजास्त. ऊर्जा मात्र फक्त ५ मिलिज्यूल, आणि तीही क्षणार्धात संपते. म्हणून दचकायला होतं, त्यापलीकडे काही होत नाही.

गाडीतून उतरताना झटका बसतो तो याच कारणाने. लोक उतरतात, वळतात, मग दाराला हात लावतात. क्रम बदला: बसलेले असतानाच दाराच्या चौकटीचा उघडा धातू धरा, धरूनच उतरा, पाय जमिनीवर टेकून उभे राहिल्यावर सोडा. विसरलात तर किल्ली मुठीत घट्ट धरून तिचं टोक आधी धातूला लावा. ठिणगी किल्लीच्या टोकावर पडते, त्वचेवर मोठ्या जागेत पसरते, आणि टोचत नाही.

इंधन भरताना हा विनोदाचा विषय नाही. पेट्रोलची वाफ पेटायला पाव मिलिज्यूलपेक्षाही कमी ऊर्जा पुरते, आणि वरचा हिशेब ५ मिलिज्यूलचा होता. उतरल्यावर टाकीच्या तोंडापासून लांबच्या धातूला हात लावा, मगच झाकणाकडे जा. भरणं चालू असताना पुन्हा आत जाऊन बसू नका, कारण परत बाहेर येताना प्रभार पुन्हा चढतो. कॅन भरायचा असेल तर तो गाडीतून काढून जमिनीवर ठेवा. आणि नोझलपाशी आग दिसलीच तर नोझल ओढून काढू नका. तसंच सोडा, मागे व्हा, पंप बंद करायला ओरडून सांगा.

संगणक उघडताना प्रश्न वेगळा आहे. माणसाला झटका जाणवायला साधारण ३००० व्होल्ट लागतात, आणि काही नाजूक चिप १०० व्होल्टच्या आतच खराब होतात. म्हणजे काहीही जाणवलं नाही तरी नुकसान झालेलं असू शकतं. क्रम असा ठेवा: प्लग काढा, कॅबिनेट उघडा, नवीन रॅम तिच्या पिशवीसकट कॅबिनेटच्या धातूवर ठेवा, रंग नसलेल्या धातूला हात लावा, आणि तो हात तिथेच ठेवून दुसऱ्या हाताने पिशवी उघडा. मनगटाला बांधायचा पट्टा मिळतो त्यात साधारण १० लाख ओहमचा रोध बसवलेला असतो. चुकून कुठे वीज असलीच तर ती तुमच्यातून जोरात वाहू नये यासाठी तो असतो, तेव्हा त्याच्याऐवजी साधी तार मनगटाला गुंडाळू नका.

रॅम बसवून झाली की कॅबिनेटवरचा हात सगळ्यात शेवटी काढा. हात काढून स्क्रूड्रायव्हर शोधायला खुर्चीवरून उठलात, तर परत आल्यावर आधी धातूला हात, मग बाकीचं.